आवकताईंना विचारा : चार नारळ, जिन्याखालची खोली आणि पुलाचे फूट

जानेवारीत मतदान झालं तेव्हापासून या सदराकडे येणारी पत्रं दुप्पट झाली आहेत. साहजिक आहे. २०२३ च्या ऑगस्टपासून सांगली-मिरज-कुपवाडला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे. आता दारात उभं राहायला माणसं मिळाली, तर कुणाच्या दारात उभं राहायचं हा प्रश्न पडला.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी महापालिकेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा आवक-जावकच्या टेबलावर. म्हणून संपादकांनी सदराला हे नाव दिलं. आधी मला ते आवडलं नव्हतं, आता कोपऱ्यावरची भाजीवालीही त्याच नावाने हाक मारते. नोकरी सगळी दुसऱ्या शहरात झाली. त्या शहराचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण माझी पेन्शन अजून तिथून येते. निवृत्तीनंतर सांगलीला, माहेरी.

*

प्रश्न : आमच्या प्रभागातून चार जण निवडून आले. आमची गल्ली नक्की कुणाची? एकाकडे गेलो तर तो म्हणतो, "तुमचा भाग त्यांच्याकडे आहे." त्यांच्याकडे गेलो तर ते म्हणतात, "पहिल्यांना सांगितलंय की." आम्ही काय चौघांच्या पाया पडत फिरायचं का?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, विश्रामबाग

उत्तर : सर, तुमची गल्ली चौघांची आहे. कायद्यात प्रभागाचे चार तुकडे नाहीत. मतदानाच्या दिवशी तुम्ही अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबलीत ना? ती चारही तुमची मतं, आणि चारही माणसं तुमच्या अख्ख्या प्रभागाची. 'हा भाग माझा, तो त्याचा' ही त्यांची आपापसांतली वाटणी आहे. ती तुम्हाला लागू नाही.

सांगलीत २०१८ पासून २० प्रभाग आणि ७८ जागांची रचना आली. अठरा प्रभागांत चार-चार, दोन प्रभागांत तीन-तीन. राज्यात हा खेळ जुना आहे. २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. दर वेळी याद्या नव्याने फोडायच्या, आणि त्या फोडताना आम्ही रात्रीचे अकरा वाजेपर्यंत वडापाववर बसायचो. एकाच्या प्रभागात निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते ठरलेलं असायचं, हे माझं मत मी नोकरीत असताना कधी बोलले नाही. आता बोलते.

चौघांच्या घरी फिरू नका. एकच पत्र लिहा, वरती चौघांची नावं घाला, खाली 'प्रत माहितीसाठी : सहायक आयुक्त, प्रभाग समिती' असं लिहा आणि ती प्रत प्रभाग कार्यालयात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या. चौघांना एकमेकांची नावं दिसली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा आधी काम करून श्रेय घेईल. हे औषध मी पुष्कळदा चाललेलं पाहिलंय.

आणि नगरसेवकाकडून काय मागायचं तेही नीट ठरवा. झाडूवाल्याला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही, तो प्रशासनाचा. त्याच्या हातात आहे ते सभागृह. महापालिका अधिनियमाच्या कलम ४४ खाली तो प्रशासनाला प्रश्न विचारू शकतो, आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. "साहेब, गटार साफ करून द्या" म्हणण्यापेक्षा "साहेब, आमच्या भागातल्या गटारांचा ठेका कुणाला, किती वेळा सफाई ठरलीय, एवढा प्रश्न सभेत टाका" असं म्हणून बघा. चेहरा बदलतो.

आमच्या त्या शहरात चारच्या प्रभागात एका नाल्यावर मोरी बांधली होती. मोरी म्हणजे किती, दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढी. उद्घाटनाला चार फलक, चौघांचे वेगवेगळे फोटो. ठेकेदाराने शहाणपणाने चार नारळ आणले होते, तरी कमी पडला. पडलेले माजी नगरसेवक आले आणि म्हणाले, मंजुरी माझ्या काळातली. पोराला दुकानात पिटाळलं.

*

प्रश्न : वरच्या मजल्यावर एक खोली काढली. यंदा घरपट्टीचं बिल दुपटीच्या पुढे गेलंय. बिलावर इतक्या रकान्यांत इतके कर आहेत की कशाचे पैसे घेतात तेच कळत नाही. कार्यालयात विचारलं तर "सिस्टीमनेच काढलंय" म्हणाले. नाव आणि गाव छापू नका.
– एक वाचक

उत्तर : गाव छापत नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करत नाही. "सिस्टीमनेच काढलंय" हे सगळ्याच गावांत म्हणतात. आमच्या वेळी सिस्टीम नव्हती तेव्हा "रजिस्टरलाच तसं आहे" म्हणायचो.

बिल समोर घ्या. चष्मा लावा. सगळ्यात आधी करांकडे बघू नका, वरच्या बाजूला 'करयोग्य मूल्य' असा शब्द शोधा. सगळ्याचं मूळ तो आकडा. तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, ते धरायचं आणि त्यातून दुरुस्तीसाठी म्हणून १० टक्के वजा करायचे. समजा ५०० चौरस फूट जागा, दर महिन्याला फुटाला एक रुपया धरला, तर वर्षाचे ६००० झाले. ६०० वजा, उरले ५४००. हे करयोग्य मूल्य. खालचे बहुतेक कर याच आकड्याच्या टक्केवारीत. (मुंबईत भांडवली मूल्यावर आकारतात, तिथलं गणित वेगळं. मुंबईच्या पुतण्याचं बिल आणून ताडून बघू नका.)

आता रकाने. सर्वसाधारण कर हा मोठा, दिवाबत्ती, रस्ते, झाडलोट सगळं त्यात. मग पाणी आणि मलनिस्सारण यांचे कर, अग्निशमन, वृक्ष कर. हा वृक्ष कर १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे आला. आणि दोन कर असे आहेत जे महापालिका वसूल करते, पण पैसा राज्य सरकारचा : शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. यातला रोजगार हमी कर राहत्या घराला लागत नाही, दुकान-गाळ्याला लागतो. तुमच्या बिलात तो आला असेल तर तुमच्या नव्या खोलीची नोंद 'बिगरनिवासी' झालीय हे समजा. बिल एकदम फुगण्याचं हे नेहमीचं कारण. खाली दुकान असलेल्या घरात वरची खोलीही दुकानात ढकलली जाते.

दुसरं बघा, 'शास्ती' म्हणजे दंड, असा रकाना आहे का. शास्ती दोन तऱ्हेची. एक उशिराची, थकबाकीवर दरमहा २ टक्के. दुसरी बांधकामाची. खोली परवान्याशिवाय काढली असेल तर कलम २६७ अ खाली कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. घरपट्टीच्या पावतीने बांधकामही कायदेशीर होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. हे वाक्य मी दिवसात वीस वेळा बोलायचे, तरी लोक पावती लॅमिनेट करून आणायचे.

तिसरं, क्षेत्रफळ. इथं मी माझीच एक गोष्ट सांगते.

नव्वदच्या दशकात मी कर विभागात होते. फेरआकारणी सुरू होती, मोजणी करणाऱ्या पोरांनी आणलेल्या कागदांवरून आम्ही चौघी रजिस्टर उतरवून काढायचो. एक आजोबा यायचे. पांढरा सदरा, हातात एसटीच्या मासिक पासाचं कव्हर, त्यात बिल घडी घालून ठेवलेलं. म्हणायचे, "बाई, माझ्या घरात एवढी जागाच नाही हो." मी म्हणायचे, साहेब फिरतीवर आहेत, पुढच्या सोमवारी या. ते पुढच्या सोमवारी यायचे. असे सात महिने. मी वाईट वागत नव्हते, खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. कागद मात्र एकदाही मागितला नाही, आणि त्यांनी दिला नाही.

आठव्या महिन्यात त्यांच्या नातीने वहीचं पान फाडून त्यावर अर्ज लिहून दिला. वर 'श्री' काढलेला. मी सवयीने शिक्का मारला, क्रमांक टाकला. झालं, आता त्या क्रमांकाला उत्तर द्यावं लागणार होतं. मोजणी कागद काढला. जिन्याखालची खोली, ९.६० चौरस मीटर. रजिस्टर उघडलं. ९६.० चौरस मीटर. अक्षर माझंच होतं. दशांश टिंब एक घर सरकलेलं.

साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती केली. आजोबा पुन्हा आले नाहीत, नात आली होती पावती घ्यायला.

तर तुम्ही असं करा. 'आकारणी नोंदवहीचा उतारा' मागा, त्यात प्रत्येक खोलीचं माप आणि वापर लिहिलेला असतो. घरी मीटरचा टेप घेऊन मोजा, बाहेरून नव्हे, जसं त्यांनी मोजलंय तसंच. फरक असेल तर लेखी हरकत द्या, खास नोटिशीवर मुदत छापलेली असते ती पाळा. उतारा मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, १५० शब्दांच्या आत. राज्याच्या नियमात तशी मर्यादाच आहे. 'भ्रष्टाचार', 'जाब विचारतो' असले शब्द त्यात घालू नका. त्यातच पन्नास शब्द जातात. उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि हरकत देऊन बिल भरायचं थांबवू नका. नाहीतर वादाचा निकाल लागेपर्यंत दरमहाची ती २ टक्के मीटरसारखी फिरत राहते. 'हरकत कायम ठेवून भरणा' असं पत्र देऊन भरा.

*

प्रश्न : आजी, मी सातवीत आहे. प्रकल्पासाठी 'मिरजेची पाण्याची रेल्वे' असा विषय मिळाला आहे. त्या वेळी मी जन्मलेही नव्हते. थोडक्यात सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : अगं, तू तेव्हा दोन-तीन वर्षांची असशील, आईला विचार. साल २०१६. लातूरला नळाला पाणी नव्हतं, म्हणून मिरजेहून रेल्वेच्या टँकर-वाघिणींतून पाणी पाठवलं. पहिली गाडी ११ एप्रिलला निघाली आणि १२ ला पहाटे लातूरला पोचली. तिला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. गाडीचं नाव जलदूत.

प्रकल्पात लोक रेल्वेचा फोटो चिकटवतात. तू विहिरीचा चिकटव. पाणी कृष्णेचं, पण रेल्वेपर्यंत आणायला मिरजेची जुनी हैदरखान विहीर कामाला आली. तिथून स्टेशनपर्यंत नवी पाइपलाइन टाकली, तीही घाईघाईत. आई-बाबांना घेऊन जा, आणि कठड्यापासून लांब उभी राहा.

*

प्रश्न : ताई, बँकेत आहे, विदर्भातून सांगलीला बदली झाली. भाड्याने घर बघतोय. प्रत्येक घरमालक सांगतो "इथं पाणी येत नाही." मी म्हटलं, नळाला तरी येतं ना? ते हसतात. शिवाय पावसाळ्यात सगळे "पुलाला किती फूट?" विचारतात म्हणे. हा काय प्रकार आहे?
– एक नवा सांगलीकर

उत्तर : या, सांगलीत स्वागत. इथं 'पूल' म्हटलं की आयर्विन पूल, १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालेला. बाकीच्या पुलांना नाव घेऊन बोलवावं लागतं. आणि 'पाणी येतं का' म्हटलं की नळाचं नव्हे, पुराचं. त्या पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात, आणि अजून फुटांतच बोलतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये इथला माणूस सकाळी उठून आधी कोयनेतून किती सोडलं ते बघतो, मग पुलाला किती झालं ते बघतो, मग चहा.

२००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आम्हाला वाटलं, आता आयुष्यात एवढं बघायला मिळणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ ला, परत ५४ च्या वर. कोयना भरली की १०५ टीएमसीचं धरण, पुलाच्या खाली हरिपूरच्या संगमावर वारणा येऊन मिळते, आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. खालचं तुंबलं की वरचं हलत नाही. पाणी चढतं त्यापेक्षा उतरायला जास्त दिवस लावतं, आणि माणूस खचतो तो उतरतानाच.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड ही नावं बातमीत सगळ्यात आधी येतात. आमच्याकडे एका वस्तीचं नाव मगरमच्छ कॉलनी आहे, आणि ते कुणी गंमत म्हणून ठेवलेलं वाटत नाही. पण २०१९ ला पाणी गावभाग, मारुती चौक, स्टेशन चौकापर्यंत आलं होतं, तेव्हा 'इथं येत नाही' हे वाक्य कोणत्या सालापर्यंतचं, ते घरमालकाला विचारा.

आणि त्याच्या तोंडाकडे बघू नका, भिंतीकडे बघा. विजेचं मीटर किती उंचावर बसवलंय? डोक्याच्या वर असेल तर त्या घराला अनुभव आहे. खालच्या मजल्यावर लाकडी कपाटं आहेत की सिमेंटची फडताळं? रंग कमरेपर्यंत एक आणि वर दुसरा असेल तर का, ते विचारा. समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला भाडं मिळवायचं नसतं, तो खरं सांगतो.

माझ्या बहिणीचं घर गावभागात. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत. बऱ्याचशा मुलांच्या उंचीच्या, दोन पाण्याच्या. २००५ ची रेघ तिच्या थोरल्याच्या बालवाडीतल्या उंचीला बरोबर जुळते. २०१९ ची त्याच्याही वर, स्विचबोर्डच्या वर. तेव्हा मी तिच्याकडेच होते. संध्याकाळी अंगणात घोटाभर होतं, आम्ही म्हणालो सकाळी बघू. रात्री अडीचला स्वयंपाकघरातून ठक् ठक् आवाज. मांजर असेल म्हणून बॅटरी घेऊन गेले, तर रिकामा सिलेंडर तरंगत ओट्यावर आपटत होता. पुढचे पाच दिवस माडीवर सात माणसं, एक स्टोव्ह आणि शेजारच्यांची शेळी.

पाणी गेल्यावर राहतो तो गाळ. पातळ असतो तेव्हाच खराट्याने लोटायचा, एक ऊन लागलं की फरशीला सिमेंटसारखा धरतो. आणि कागद. पंचनाम्याला आलेले लोक आधार, पासबुक, घरपट्टीची पावती मागतात. गल्लीत निम्म्यांच्या पावत्यांचा लगदा झाला होता. बहिणीच्या कोरड्या होत्या, कारण तिने त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली ठेवल्या होत्या, आणि डबा माडीवर नेला तो पिठासाठी. तुम्ही भाडेकरू आहात, तेव्हा भाडेकरार तसा ठेवा. घरातलं सामान तुमचं भिजणार आहे, मालकाचं नाही.

पुढे घर विकत घ्यायचं झालं तर नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर सांगून निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लालच्या मधे नियंत्रित. दलाल "लाइनच्या बाहेर आहे" म्हणाला, तर कोणत्या लाइनच्या, ते लिहून मागा.

*

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा नाव ठरलं नव्हतं, दाखल्यावर नावाची जागा रिकामी आहे. आता लेट फी, कोर्ट वगैरे लागेल का? सगळे घाबरवतात.
– एक आई, कुपवाड

उत्तर : काही लागत नाही. जन्माची नोंद झाली आहे, फक्त नाव घालायचं आहे. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ते फुकट होतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत किरकोळ शुल्क देऊन. तुमच्या हातात वेळ आहे, पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून धरतात, तेव्हा पुढे ढकलू नका. अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरात लिहा. दाखला छापण्याआधी पडद्यावरचं दाखवा म्हणून सांगा. एक जादा 'ए' पुढे अठरा वर्षं छळतो. आणि नाव काय ठेवलं ते कळवा.

*

प्रश्न : मॅडम, राज्यसेवेचा अभ्यास करतो. महासभा सामान्य माणसाला बघता येते का? शिपाई आत सोडेल का?
– एक परीक्षार्थी, मिरज

उत्तर : येते. सभा लोकांना खुली असते, बहुमताने बंद ठेवायची ठरवली तरच नाही. प्रेक्षक गॅलरीत बसा, मोबाइल बंद ठेवा, टाळ्या वाजवू नका. आधी विषयपत्रिका मिळवा, नाहीतर तीन तास डोक्यावरून जातील. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला, एक तृतीयांश नगरसेवक लागतात, म्हणजे ७८ मध्ये २६. गॅलरीतून मोजत बसा, दुपारी जेवणानंतर मजा येते.

पुस्तकात नसलेलं सांगते. वर्तमानपत्रात फोटो येतो तो राजदंड पळवल्याचा. तो गोंधळ चालू असताना नगरसचिवांच्या टेबलाकडे बघा. 'ऐनवेळचे विषय' म्हणून जे वाचलं जातं, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, 'मंजूर', ते त्या आवाजात वाचलं जातं. मी टिपणं घ्यायला बसायचे. माझ्या वहीत एका सभेला "गोंधळ, गोंधळ, गोंधळ" आणि मधे तीन ठराव मंजूर. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की ते दगडावरची रेघ. अर्थात सरकार कलम ४५१ खाली ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. तुमच्या परीक्षेला हा आकडा येईल, पाठ करा. आणि अंदाजपत्रकाची सभा चुकवू नका. कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, त्यामुळे त्या आठवड्यात घरपट्टी वाढवायला सगळे विरोध करतात आणि रस्ते सगळ्यांना हवे असतात.

*

प्रश्न : ताई, आमच्या दारात गटार तुंबलंया. चारदा फोन केला, "पाठवतो" म्हणत्यात आणि कोण येत नाही. काय करायचं ओ?
– गावाचं नाव नको

उत्तर : फोनला आवक क्रमांक नसतो ओ दादा. चारदा केलेला फोन आणि न केलेला फोन, कार्यालयात दोन्ही सारखेच. अर्ज लिहा, अर्ध्या पानाचा. गटार कुठल्या दुकानासमोर, कधीपासून, एवढंच. शिक्का घ्या. अॅपवर तक्रार करत असाल तर टोकन नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि काम न होताच "तक्रारीचे निराकरण झाले" असा मेसेज आला तर त्याच दिवशी गटाराचा फोटो, शेजारी त्या दिवसाचा पेपर धरून. तो पेपर धरायला विसरू नका.

*

प्रश्न : मागच्या अंकात सांगितल्याप्रमाणे पथदिव्याचा अर्ज दिला, शिक्काही घेतला. पंधरा दिवस झाले. आता काय करू?
– सौ., खणभाग

उत्तर : आणखी आठ दिवस थांबा. मग स्मरणपत्र द्या, त्यात जुना आवक क्रमांक आणि तारीख पहिल्या ओळीत. स्मरणपत्रावरही शिक्का घ्यायचा.